शेंदराखालचा जोड

बाबा, आज पुन्हा वाफेच्या नळीचा एक जोड नापास केला. वीज केंद्रात माझं कामच ते. तापलेलं लोखंड दाबाखाली वर्षानुवर्षं हळूहळू ताणलं जातं, तापून-निवून थकतं, आणि तडा जातो तो बहुधा वेल्डिंगच्या कडेला. म्हणून आधी जोड लख्ख घासायचा, मगच बघायचा. घासताना दर वेळी तुमचा राग येतो.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. रिसोडच्या कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, तुम्ही बॉयलर सांभाळत होता. हंगामात तो धगधगायचा, हंगाम संपला की थंड पडायचा. दर दसऱ्याला नारळ फोडून तुम्ही मोठ्या नळीच्या जोडावर तेलात कालवलेला शेंदूर थापायचात. थरावर थर. मी कॉलेजातून सुट्टीवर आलोय आणि म्हणतोय, "बाबा, हे खरवडू द्या मले. घासलेट लावून पुसतो, वरून चुना फासतो. तडा असला तं आत मुरलेलं घासलेट चुन्यात उतरन, काळी रेघ दिसन." तुम्ही माझं मनगट धरता. "देवाले खरवडतं काय बे? हेच शिकून राह्यला का तिथं?"

त्याच हंगामात जोड फुटला. खाली आई सरकी भरत होती. वाफेनं तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि बोटं कायमची आखडली. तिच्या खाटेशी उभं राहून, चार माणसांदेखत तुम्ही म्हणालात, "यानं जोडाले हात लावाले पाह्यलं, म्हनून देव कोपला." आई एवढंच म्हणाली, "जाऊ द्या, पोरगं उपाशी हाय." पुढे ती डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली. तुम्ही ती खात राहिलात. तो शब्द काही परत घेतला नाहीत.

फुटलेल्या जोडाचा तुकडा मी भंगारातून उचलून आणला होता. अजून माझ्या टेबलावर आहे, शेंदरासकट. आडवा कापला तर तडा बाहेरून सुरू झाला की आतून, ते लगेच कळेल. बाहेरून असेल, तर चुन्यावर रेघ उमटली असती आणि आईचा हात वाचला असता. आतून असेल, तर खरवडूनही मला काही दिसलं नसतं. असे तुकडे मी रोज कापतो. करवत शेजारच्याच खोलीत आहे. हा कागद त्या तुकड्याखाली दाबून ठेवतो, तुम्ही गेल्यावर दुसरीकडे पाठवणार तरी कुठे? तुकडा मात्र कापवत नाही, बाबा. तुमची चूक नव्हती असं निघालं, तर एवढ्या वर्षांच्या रागाचं मी काय करू?