शशिकला मॅडमचा हात

४ नोव्हेंबर
“विनिताचा हात लागला की हरवलेलं सापडतं, सुचेताचा लागला की सापडलेलं हरवतं,” असं आई एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली होती. मी नऊ वर्षांची होते. सगळे हसले, विनिताताईसुद्धा. आज भोपाळला कस्टम्सची अधीक्षक म्हणून रुजू होताना ते वाक्य आठवलं आणि गंमत वाटली. लपवलेलं शोधून काढणं हीच माझी नोकरी झाली!

तुलसी नगरचं क्वार्टर छान आहे. दारात कडुनिंब, स्वयंपाकघरात भरपूर ऊन. लेकीने, जुईने, आपली खोली निवडताना दाराला आतून कडी आहे ना, ते आधी पाहिलं. पंधरा वर्षांची आहे. विजय, तिचा बाबा, नोकरीसाठी पुण्यातच राहिलाय. कोपऱ्यावरून पोहे-जिलबी आणली आणि आम्ही दोघींनी मागच्या पायरीवर बसून खाल्ली.

७ नोव्हेंबर
माझ्या आधी या खुर्चीवर शशिकला मॅडम होत्या. दोन वर्षांपूर्वी नोकरीत असतानाच गेल्या. बाईची झडती बाईनेच घ्यायची हा कायदा, त्यामुळे पकडलेली प्रत्येक बाई त्यांच्याच हाताखालून जायची. केशव हवालदार ग्वाल्हेरचे मराठी, निवृत्तीला आलेले. त्यांच्या तोंडी दुसरा विषय नाही. “काय हात होता, मॅडम! पाठीवर ठेवला की बस, माल खुद बाहेर यायचा.”
मी हसून ऐकलं. चौथ्यांदा ऐकताना हसू आलं नाही.

१३ नोव्हेंबर
स्टेशनवर एका बाईला खबरीवरून थांबवलं. चाळीस मिनिटं झडती घेतली. काही नाही. माफी मागून सोडलं. दुपारी कळलं, सोनं अंबाड्यात होतं. केशवनी माझी समजूत घातली, की सगळ्यांचे हात सारखे नसतात. ही समजूत!
मेलेल्या बाईचा हेवा वाटतो, हे फक्त इथेच लिहू शकते.
घरी आले तर जुई कडी लावून विनिताताईशी फोनवर बोलत होती. खुदखुदत. मी दार वाजवलं तशी गप्प झाली. रोज एक तास मावशीशी काय बोलते? माझ्याशी दोन वाक्यं.

१४ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत झडतीच्या खोलीत एकटीच उभी राहिले. मोठ्याने म्हणाले, “बाई, एवढा गुणाचा हात होता तर मला द्या ना. तुम्हाला आता काय उपयोग?”
मनगटापासून खाली उजवा हात गार पडला. अजून गारच आहे.

१९ नोव्हेंबर
सापडलं! बावीस-तेवीस वर्षांची बाई, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. मी पाठीवर हात ठेवला आणि कळलंच, कमरेच्या पट्ट्यात. सोन्याची चार बिस्किटं. पंचांसमोर पंचनामा, जप्ती, अटकेचं कारण तिला लेखी दिलं, उद्या दंडाधिकाऱ्यांपुढे नेणार. सगळं नियमाप्रमाणे.
केशव म्हणाले, अगदी शशिकला मॅडम! तेही टोचलं. माझं म्हणून काहीच नाही का?
एकच विचित्र. झडतीनंतर बाळ पुढे केलं तर बाईने घेतलं नाही. “ये किसका है?” पंच हसले. मीही हसले. नाटक.

२२ नोव्हेंबर
नाटक नाही. तिची आई बाळाला घेऊन भेटायला आली. ही अजून तेच विचारते आहे.
मी सोनं काढलं. आणखी काय काढलं?

२४ नोव्हेंबर, रविवार
कायद्यात झडतीला सबळ कारण लागतं, नुसता संशय चालत नाही. माझ्याकडे नुसता संशय होता. पंच नाहीत, पंचनामा नाही. जुईच्या केसांना तेल लावायला बसले आणि उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला. मुद्दाम. बाळाचं माहीत असून.
कडीमागचं फोनवरचं सगळं हातातून ऐकू आलं. ती मावशीला सांगत होती, “पुण्यात आई घरी नसायचीच गं. इथे रोज माझ्याबरोबर चहा घेते. मला ती परत आवडायला लागलीय. तिला सांगू नकोस हं, डोक्यावर बसेल.”
एवढंच लपवलं होतं.
हात उचलायला गेले. उचलेना. मग काहीतरी सुटल्यासारखं—

२५ नोव्हेंबर
सकाळी तिने नीट नमस्कार केला. म्हणाली, “काकू, माझी आई कधी येणार?”

२५, दुपार
डॉक्टर म्हणतात सगळं ठीक. तिला शाळा आठवते, बाबा आठवतात. विनिताताईशी फोनवर रडली, “मावशी, मला न्यायला ये,” म्हणाली. सगळे आहेत. मी तेवढी—

२६ नोव्हेंबर
मालखान्यात गेले. जप्त मालाच्या फळीवर दोन नवी पुडकी. कापडात शिवलेली, लाखेचं सील अजून मऊ. एकावर त्या बाईचं नाव. दुसऱ्यावर: जुई, तुलसी नगर. एक नग.
हात लावला. कोमट आहे. आत काहीतरी हलकं हलतं.
जप्त करणाऱ्या अधिकाऱ्याची सही माझी नाही. शशिकला मॅडमची. माझ्या मुलीचं सुद्धा त्यांनीच— आणि अशा घडीलाही मला मत्सर वाटला. देवा, काय बाई आहे मी.
सील तुटत नाही. सुरीने नाही, दगडाने नाही.

२७ नोव्हेंबर
विनिताताई आली. जुई तिला बिलगली आहे. चारच्या गाडीने जातील.
केशवना विचारलं, जप्त माल मॅडम परत द्यायच्या का. म्हणाले, तीस वर्षांत एकदाही नाही.
तरी झडतीच्या खोलीत बसून लिहिते आहे. शशिकला मॅडम, तुम्ही नाहीच म्हणणार, मला माहीत आहे. माझा अधिकार नव्हता, कारण नव्हतं, चूक सगळी माझी. मला काही नको. त्या बाईचं तिला द्या, जुईचं जुईला. चारच्या आत. बदल्यात हा हात घ्या, हवं तर मनगटापासून, हवं तर सगळी मीच— नुसतं एकदा तिला मला आई म्हणू—