भर मे महिन्यातली थंडी

मामा,

गेले आठ दिवस माझ्यावर घोर अन्याय होतो आहे आणि त्याची दाद कुठे मागावी हे कळत नाही. माझ्या नव्या स्कूटरच्या पडद्यावर एक नारिंगी दिवा लागतो. स्कूटर चालते, थांबते, भाजी आणते, पण दिवा जात नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दाखवत आलेल्या माणसाकडे रोज सकाळी एका दिव्याने डोळे वटारून बघावं, याहून मोठा अपमान नाही. शेवटी आज शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलीने स्कूटरला लॅपटॉप जोडला, मिनिटभर पाहिलं आणि म्हणाली, "काका, हवेचं तापमान मोजणारा सेन्सर बिघडलाय. गाडीला वाटतंय बाहेर थंडी आहे, म्हणून ती पेट्रोल जास्त घेतेय."

हेच तुम्ही मला जूचंद्रला, तुमच्या गॅरेजमध्ये सांगितलं होतंत. लॅपटॉपशिवाय. आणि मी हसलो होतो.

मी तेव्हा आठवडाभर मुंबईत फायली सरकवायचो आणि रविवारी तुमच्याकडे हात काळे करायला यायचो. तुम्ही कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचात, डोळे मिटायचात आणि इंजिनाचा आवाज ऐकायचात. गिऱ्हाइकाला माझी ओळख करून द्यायचात, "यो माझा शागीर्द. हापिसात वाया चाललाय." त्या एका वाक्यासाठी मी आठवडा काढायचो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग मी तुळिंजच्या एका पोराकडून ती जुनी मोटरसायकल घेतली. कार्बोरेटर नाही, कॉम्प्युटर ठरवणार किती पेट्रोल उडवायचं ते. आधीच्या मालकाने तिला बाहेरचा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर लावला होता. त्यामुळे हवा जास्त जायची, पेट्रोल कमी पडायचं आणि गाडी मध्येच आचके द्यायची. मी मुंबईहून 'पॉवर वाढवणारी' एक काळी डबी आणली आणि टाकीखाली, कुणाला दिसणार नाही अशी, तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत टेप गुंडाळून बसवली. आत दीडदमडीचा रेझिस्टर होता. तो गाडीच्या कॉम्प्युटरला खोटं सांगायचा की बाहेर कडाक्याची थंडी आहे. वसईच्या मे महिन्यात माझी गाडी काश्मीरमध्ये असल्यासारखी पेट्रोल ओढायला लागली. आचके गेले. पण इंजिन तापलं की काळा धूर आणि ठप्प. तेव्हा मी ती तुमच्या दारात आणून उभी केली.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो हाच. "सायलेन्सर दिसतो, फिल्टर दिसतो. न दिसनारा काय लावलंस का मधी?"

"नाही मामा."

टेप गुंडाळलेली वस्तू गाडीत घालणाऱ्यांना तुम्ही काय काय म्हणायचात ते मी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. त्या यादीत मला जायचं नव्हतं. एवढंच कारण. नंतर मी त्याला बरेच दागिने घातले, पण कारण एवढंच.

आणि नेमक्या त्याच वेळी तुमचा मुलगा दारात उभा होता. त्याला त्या जागेत मोबाइलचं दुकान हवं होतं. "बाबा, आता सगळ्या गाड्या अशाच येनार. आनि तुमाला कुकरची शिट्टी पन आयकू येत नाय." तुम्ही पाना खाली ठेवलात. "ही कॉम्प्युटरची गाडी लावतो. रविवारपरेन नाय लागली तर शटर तुझा." मी टाकीला टेकून उभा होतो. डबी माझ्या मांडीपासून वीतभर लांब. तोंड उघडायची ती वेळ होती, मामा. मी चहा सांगायला गेलो.

त्या आठवड्यात मी रोज ऑफिस सुटलं की येत होतो. तुम्ही पेट्रोल उडवणारं नोझल साफ केलंत, पंपाचा दाब बघितलात, उघड्या फिल्टरला अर्ध्यावर पत्र्याची पट्टी मारून हवा कमी केलीत. प्लग काढला की काळा. पुसून लावला, पुन्हा काळा. शनिवारी तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक नोझलवर टेकवलंत, मूठ कानामागच्या हाडावर. बराच वेळ ऐकत होतात. मग म्हणालात, "टिकटिक लांबते, पेट्रोल जादा जातो. गरम झाली तरी लांबते. हिला थंडी वाजते रं."

"भर मेमध्ये, मामा?" मी म्हटलं, आणि हसलो.

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघितलंत.

रविवारी मुलगा सुताराला घेऊनच आला. सुतार काउंटरसाठी भिंत मोजतोय, तुम्ही गाडीपाशी वाकलेले, ॲक्सिलरेटर माझ्या हातात. तीन मिनिटं गाडी गोड चालली. सुताराने मोजायची टेप गुंडाळायला घेतली. मग इंजिन तापलं, काळा धूर आला आणि गाडी बंद पडली. पुन्हा. आणि पुन्हा. तुम्ही खिशातून शटरची चावी काढून त्याच्या हातावर ठेवलीत. "कान गेला माझा," म्हणालात. मी सायलेन्सर निरखत होतो.

गाडी थांबत थांबत घरी आणली आणि दहा मिनिटांत डबी उपटून काढली. गाडी अशी चालली की काय सांगू. पट्टीने हवा बरोबर बसवली होतीत, बाकी सगळं तुम्ही लावून ठेवलं होतंत. येत्या रविवारी सांगू म्हटलं. त्या रविवारी काउंटरला सनमायका चिकटत होता. महिन्याभरात मी गाडी विकून टाकली. तुम्ही पुढे दोन वर्षं होतात. मी तीनदा आलो, तिन्ही वेळा पावसापाण्याचं बोललो.

आज शोरूममधून थेट जूचंद्रला गेलो. मामी ओटीवर सुकट निवडत होत्या. मुलगा दुकानातून उठून आला. मी दोघांना सगळं सांगितलं, डबीसकट. मुलगा म्हणाला, "दुकान तर मी घेतलाच असता." मग दुकानाकडे वळून बघत, "पन असा नाय."

मामींनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे त्यांना आयकू येत व्हता?"

"चांगलं ऐकू येत होतं, मामी."

"त्या दिसापासून दोन वरसा मी त्यांच्याशी वरडून बोलले," त्या म्हणाल्या. "सगलं घर वरडून बोलला. हलू बोल, असा एकदा पन बोलले नाय ते."

त्यांनी मला तुमच्या फोटोसमोर उभं केलं आणि सगळं परत सांगायला लावलं. मी सांगितलं, साध्या आवाजात. एक गोष्ट तेवढी मामींसमोर सांगायला जमली नाही, म्हणून हा कागद. तो कुठे धाडायचा नाही. तुम्ही शनिवारी 'थंडी वाजते' म्हणालात, तेव्हा घाबरण्याच्या आधी, हसण्याच्याही आधी, क्षणभर माझ्या अंगावर काटा आला होता. मनात आलं होतं, काय कान आहे या माणसाचा.