दहा तारखेनंतरचा कप्पा

१ ऑगस्ट, सकाळी ९.४०

विभागप्रमुख काल रिटायर झाले. खुर्ची रिकामी. सप्टेंबरात इंटरव्ह्यू. बावीस वर्षं या ऑफिसात हवाई वाहतुकीची सरकारी आकडेवारी मीच काढतोय: किती माणसं उडाली, किती टन माल उडाला. म्हणजे खुर्ची माझीच, फक्त बूड टेकायचं बाकी. मोठी माणसं रोजनिशी लिहितात म्हणून सुरुवात केली. रोज एक पान. खाडा नाही.

६ ऑगस्ट

मधले चार दिवस कामाचा रेटा होता. ते मोजायचे नाहीत.

बायकोला बढतीचं सांगितलं. ती म्हणाली, प्रमुख झाल्यावर तरी एकदा विमानात बसवा. मी म्हटलं, अगं, मी दर महिन्याला लाखो माणसं विमानात बसवतो. त्यात आपण दोघं नसतो, असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली. या घरात आकडेवारीची कदर नाही.

१० ऑगस्ट, संध्याकाळी ५.३०

आज शेवटची तारीख. सगळ्या विमान कंपन्यांचे तक्ते आले. एक सोडून. त्या दोन विमानांच्या मालवाहू कंपनीचा नाही. एप्रिलपासून नाही.

तिथल्या अधिकाऱ्याला मी टनसाहेब म्हणतो, कारण तो फोनवर ‘नमस्कार’च्या आधी टन सांगायचा. एकोणीस वर्षं आम्ही दर महिन्याला बोललो. चेहरा पाहिलेला नाही, पण त्याच्या मुलीचं लग्न, त्याचा गुडघा, सगळं मला ठाऊक. आता फोन नुसता वाजत राहतो. एकोणीस वर्षांचा संबंध आणि माणूस साधा फोन उचलत नाही. मला फार लागलं. इथे लिहितो, बाहेर कळू देणार नाही.

११ ऑगस्ट

शिस्त म्हणजे शिस्त. दहा तारखेनंतर आलेलं पाकीट मी फोडत नाही. तसंच्या तसं टेबलाच्या खालच्या कप्प्यात टाकतो. नियम माझाच आहे, आणि त्यामुळेच कंपन्या सुतासारख्या सरळ झाल्यात.

ज्याचा आकडा येत नाही त्याचा मी घालतो. गेल्या वर्षीचा त्याच महिन्याचा घ्यायचा आणि वर सहा टक्के चढवायचे. अशा आकड्याला चांदणी लावून खाली ‘अंदाजित’ लिहायची पद्धत आहे. यंदा मी चांदण्या काढून टाकल्या. पान कसं स्वच्छ दिसतं.

टनसाहेबाची कंपनी: ४१२ टन. दगाबाज असला तरी त्याच्यावर अन्याय करणार नाही.

१२ ऑगस्ट

ऑफिसात जानेवारीपासून एक नवी मुलगी आहे. सगळे तिला नवी म्हणतात. मीच तिला हाताला धरून तक्ते शिकवले. आज एक चिठ्ठी घेऊन आली, म्हणाली, टनसाहेबांच्या कंपनीबद्दल आहे, जरा बघता का. मी तारीख दाखवली. बारा. चिठ्ठी कप्प्यात. तिने तोंडी सांगायला सुरुवात केली, तर मी म्हटलं, माझ्याकडे सगळं लेखी चालतं, फोनवरच्या आणि तोंडच्या शब्दाला तक्त्यात रकाना नाही. टनसाहेबालाही हेच ऐकवलं होतं. ती बघत राहिली. बहुतेक भारावली असावी.

२४ ऑगस्ट

इंटरव्ह्यूसाठी भाषण लिहायला घेतलं. ‘हवाई मालवाहतुकीचा चढता आलेख’. सगळ्यात झकास चढण कोणाची? टनसाहेबाच्या कंपनीची. बाकीच्यांचा माल कधी वर कधी खाली, हिचा दर महिन्याला बरोब्बर सहा टक्के वर. अशी नियमित प्रगती मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. भाषण हिच्यावरच बेतणार.

२५ ऑगस्ट

भाषण लिहिताना जुनं आठवलं आणि पुन्हा चिडलो. तीन वर्षांपूर्वी बोलता बोलता मी टनसाहेबाला सांगून बसलो की मी जन्मात विमानात बसलेलो नाही. हे मी बायकोशिवाय कोणाला सांगत नाही, ऑफिसात हसतील. तो हसला नाही. म्हणाला, एकदा मी नेतो तुम्हाला. पुढे दोन-तीनदा म्हणाला, परवानगीचं बघतोय. मी वेड्यासारखा वाट बघत होतो. एक बॅगसुद्धा घेतली होती. लहान.

बोलघेवडा मेला. बोलला आणि विसरला.

९ सप्टेंबर, सकाळी ७

आज इंटरव्ह्यू. शर्ट इस्त्रीचा. बायकोने विचारलं, नाही झालं तर? असला प्रश्न सुचतोच कसा माणसाला.

९ सप्टेंबर, दुपारी ३

फारच चांगला झाला. भाषण संपल्यावर संचालकबाईंनी ते कागद मागून घेऊन पुन्हा वाचले. मग त्यांनी विमानतळाचा तक्ता समोर ठेवला. एप्रिलपासून त्या कंपनीचं एकही विमान उतरलेलं नाही, असं त्यात म्हणे आहे. त्यांनी विचारलं, “मग हा चारशे बारा टन माल उतरला कुठे?”

मी म्हटलं, तो अंदाजित आहे. त्या म्हणाल्या, “अंदाजाला चांदणी लागते. ती कुठे गेली?”

इतक्या वरच्या माणसाने छपाईच्या बारकाव्यात एवढा रस घ्यावा, हे विशेष. मला वाटतं झालंच.

१५ सप्टेंबर

नवीला विभागप्रमुख केलं.

पुढे काही लिहवत नाही.

१६ सप्टेंबर

लिहितो. अस्तनीतला निखारा. माझ्या आधी तीही इंटरव्ह्यूला बसली होती, विमानतळाचा तक्ता तिनेच आणला होता. मी जिला रकाने शिकवले तिनेच माझ्या तोंडाला पानं पुसली. वर मला येऊन म्हणते, “काका, मी तुम्हाला तीनदा लिहून दिलं होतं.” तिन्ही वेळा तारीख काय होती, ते नाही बोलली.

आणि टनसाहेब. कंपनी बंद पडली आणि मला एका शब्दाने कळवलं नाही. दुकान बंद करताना माणूस शेजारच्यालाही सांगतो. एकोणीस वर्षं. आज जेवलो नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि मला काही विचारलं नाही, ती एकटीच बरी.

१७ सप्टेंबर

निश्चय: यापुढे कोणावर विश्वास नाही. टनसाहेब भेटला तरी ओळख दाखवायची नाही. (चेहरा माहीत नसल्याने हे सोपं जाईल.)

२२ सप्टेंबर

संचालकबाईंची ऑर्डर आली: कप्प्यातलं प्रत्येक पाकीट फोडायचं आणि वर्षाचे सगळे आकडे दुरुस्त करून छापायचे. मी फोडायचं, नवीने लिहून घ्यायचं. माझ्याच कप्प्यासमोर मला बसवलं. कप्पा इतका भरलाय की ओढताना मूठ हातात आली.

२३ सप्टेंबर, दुपारी ४

नवीच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या. तिन्हींत तेच: कंपनी बंद झाली आहे, कृपया आकडा घालू नये. खाली ‘आपली विश्वासू’. एकीच्या कोपऱ्यात तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं की इंटरव्ह्यूच्या आधी हे निस्तरू या, मी कोणाला सांगितलेलं नाही. मी नवीकडे पाहिलं नाही. ती पेन्सिलीला टोक करत होती.

सगळ्यात खाली टनसाहेबाचं पाकीट. आमच्या ऑफिसचा शिक्का: ११ मार्च. आत फेब्रुवारीचा तक्ता, आणखी एक तक्ता, आणि पत्र. उतरवून घेतो:

“सर, तक्त्याला एक दिवस उशीर झाला, माफी असावी. कंपनी या महिनाअखेर बंद होतेय. शेवटची फेरी २८ मार्चला, सकाळी साडेसहा. तुम्हाला न्यायची परवानगी कालच हातात पडली, तिच्यासाठीच पाकीट थांबवलं होतं. पायलटच्या मागे एक सीट आहे, खिडकीची. तुम्ही सगळं लेखी कळवा म्हणता म्हणून फोन करत नाही. मी शिडीपाशी उभा असेन, हातात फलक धरून, कारण आपण एकमेकांना पाहिलेलं नाही. त्या फेरीचा तक्ताही आगाऊ भरून जोडलाय, म्हणजे निदान तो तरी दहाच्या आत आला असं होईल.”

मी दोनदा वाचलं. नवीने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. २८ मार्चला सकाळी साडेसहाला मी घरी झोपलेलो होतो, तो शनिवार होता.

नवीने तो आगाऊ तक्ता घेतला आणि लिहायला लागली. माल अठरा टन. कर्मचारी तीन. प्रवासी एक. ती थांबली.

“मालवाहू विमानात प्रवासी? हा एक कोण, काका?”

मी म्हटलं, “चूक आहे ती. शून्य कर.”

“चांदणी लावू का?”

“नको,” मी म्हटलं. “हा अंदाज नाही.”