लिफ्टमधलं अर्धं पितळ

तीर्थस्वरूप जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहायची पद्धत म्हणून लिहिलेलं नाही. होस्टेलच्या खोलीत टेबल एकच, त्यावर माझ्या जोडीदारणीचा लॅपटॉप बारमाही मांडलेला, त्यामुळे मी खाटेवर बसून मांडीवरच्या ट्रेवर हे पत्र लिहिते आहे आणि दोन ओळी झाल्या की पेन खाटेखाली जातं.)

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता, की नुसती बाटली उशाशी ठेवता? थोरल्या भाऊजींचा खोकला गेला असेल असं धरून चालते, कारण मागच्या फोनवर ते माझ्या खर्चाविषयी सलग बोलले आणि मध्ये एकदाही खोकले नाहीत. आमच्या ह्यांनी वजन वाढल्याचं कळवलंय, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे. मी तिथे होते तेव्हा मात्र पहिल्या घासाला मीठ कमी आणि दुसऱ्या घासाला जास्त असायचं. तुमच्या हातचं जेवायला लागल्यापासून त्यांच्या जिभेला अचानक शहाणपण आलेलं दिसतंय. असो, तुम्ही त्यांना सांभाळताय म्हणून मी इथे आहे, हे मी रोज आठवते, आणि तुमचीही आठवण फार येते. इथे माझ्या पाककृतीत चूक काढायला कोणी नाही, त्यामुळे स्वयंपाकात राम उरलेला नाही.

तुम्ही विचारलंत की पास झालीस का तेवढं आधी सांग, बाकीचं पाल्हाळ मग. ते जमणार नाही. पाल्हाळ आधी. नापास झाले तर दुसरं वर्ष नाही, बोचकं बांधून सरळ घरी, हे तर ठरलेलंच होतं. थोरल्या भाऊजींनी निघताना सगळ्यांदेखत माझ्याकडून वदवून घेतलं होतं, आणि मी रिक्षात बसताना पुन्हा एकदा खिडकीतून वदवून घेतलं होतं. आणि एका पितळी पत्र्यापायी ती वेळ माझ्यावर खरोखर आली होती. तेव्हा चहा घेऊन बसा आणि वाचा.

झालं असं. आमचं डिपार्टमेंट वारसा जतनाचं. खालच्या मजल्यावर बिझनेसवाले आणि वर ग्लोबल स्टडीजवाले. (हा तिसरा विषय नेमका काय आहे ते मला वर्षभरात कळलं नाही. त्या डिपार्टमेंटच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, हाच तर प्रश्न आहे.) या तिघांनी एकमेकांशी बोलावं असं कुणा मोठ्या माणसाच्या मनात आलं आणि वर्षाचं शेवटचं काम तिघांचं एकत्र ठरलं. आमच्या वाट्याला एका जुन्या कचेरीच्या इमारतीतली लिफ्ट आली. लाकडाची, जाळीच्या दाराची, आत एक छोटं बाक आणि बाकासमोर आरसा. मालकांना ती काढून नवी बसवायची होती. आम्ही पाहणी करून मालकांना सांगायचं, की ही ठेवावी का, ठेवली तर कशी, आणि ठेवून करायचं काय.

आमच्या गटात तिघंच. एक मी. दुसरी माझ्या खोलीतलीच बिझनेसची मुलगी, जिला मी शेठाणी म्हणते, कारण ती चहाचा कप उचलायच्या आधी तो कितीला पडला याचा विचार करते. तिसरा तो वरच्या मजल्यावरचा मुलगा. काहीही म्हणा, तो विचारतो, कुणाच्या दृष्टीने? म्हणून त्याचं नाव दृष्टी पडलं. पहिल्याच बैठकीत शेठाणीने लिफ्टमध्ये कॉफी विकायची योजना मांडली. गिऱ्हाईक तळमजल्यावर आत शिरणार, वर पोचेपर्यंत कॉफी संपणार, खाली येताना नवं गिऱ्हाईक. दृष्टी म्हणाला की लिफ्ट वर जाते असं आपण का समजतो, कुणाच्या दृष्टीने वर? मी म्हटलं, बाळा, वरच्या मजल्यावर ज्याचं काम आहे त्याच्या दृष्टीने. तो विचारात पडला आणि उरलेल्या बैठकीत गप्प राहिला, तेवढं माझ्या हातून गटाचं भलं झालं.

आता जपूनबाईंविषयी सांगायला हवं. या आमच्या मॅडम. वयाने माझ्याहून लहान, अंगाने काडी, पण आवाज असा की जुन्या भिंतीला कुणी बोट लावलं तर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून 'जपून!' म्हणतात आणि बोट आपोआप खिशात जातं. त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात सांगायचं तर आधी बघा, मग लिहा, मग पुन्हा बघा, आणि हात लावायची वेळ आलीच तर तो असा लावा की उद्या कुणाला तो काढून घेता यावा. मला हे परीक्षेत शब्दशः लिहिता आलं होतं. लिहिता येणं आणि हाताला कळणं यात बरंच अंतर आहे, ते पुढे येईलच.

त्या लिफ्टच्या दाराच्या दोन्ही अंगांना आतून माणसाच्या उंचीचे दोन पितळी पत्रे आहेत. त्यांवर कुठल्या मजल्यावर काय आहे ते कोरलेलं, आणि कोरलेल्या अक्षरांत काळी लाख भरलेली. पत्रे इतके काळवंडलेले की मालकांनाही ते लोखंडाचे वाटत होते. त्यांची अवस्था टिपून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. डाग कुठे, चरे कुठे, लाख कुठे सुटलीय, एवढंच. मी सकाळी लवकर पोचले. बाकीची दोघं यायची होती. मी वही उघडली, पत्र्यासमोर उभी राहिले, आणि जाऊबाई, तुम्हीच सांगा, तीस वर्षं तुमच्या शेजारी उभं राहून भांडी घासलेल्या बाईने असल्या पितळेपुढे हातात पेन धरून किती वेळ उभं राहायचं? सासूबाई असत्या तर त्या पत्र्याकडे बघून काहीच बोलल्या नसत्या, आणि ते न बोलणं आपण आठवडाभर ऐकलं असतं. माझ्या पिशवीत मेसमधून आणलेलं अर्धं लिंबू होतं. मिठाची पुडी होती. मी म्हटलं, एक कोपरा. खाली, कुणाला दिसणार नाही असा. नुसतं बघावं, पितळच आहे ना.

पितळच होतं. कोपरा असा चमकला की वरचा भाग एकदम गलिच्छ दिसायला लागला. म्हणून थोडा वरचा घेतला. मग त्याच्या वरचा. (तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. घासायला घेतलेलं भांडं मध्येच खाली ठेवलंय असं आपल्या घरात कधी झालेलं नाही.) मी भानावर आले तेव्हा डावा पत्रा वरपासून खालपर्यंत लखलखत होता, मी घामाघूम होते, मनातून फार खूश होते, आणि माझ्या फडक्यावर काळी काळी भुकटी होती. ती लाख होती. तक्रार विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. आता तो कुठेच नव्हता.

तेवढ्यात जाळीचं दार उघडलं आणि जपूनबाई आत आल्या. त्या 'जपून' म्हणाल्या नाहीत. सासूबाई गेल्यानंतर तसली शांतता मी पहिल्यांदा ऐकली. मग त्यांनी मला उजव्या पत्र्यापाशी नेलं, भिंग हातात दिलं आणि बघा म्हणाल्या. त्या काळोख्या पत्र्यावर माझ्या खांद्याच्या उंचीला एक फिकट पट्टा होता. रोज वरखाली जाणारी माणसं तिथे टेकून उभी राहायची, त्यांच्या कोटांनी तो पडला होता. कुणी घासून केलेला नाही, नुसतं उभं राहून, कामाला जाता जाता. तसाच पट्टा डाव्या पत्र्यावरही होता. सकाळपर्यंत. जाऊबाई, मला तिथल्या तिथे रडू आलं. आयुष्यभर ज्या कामाबद्दल कुणी मला नावं ठेवली नाहीत, तेच काम करून मी कुणाकुणाचे खांदे पुसून टाकले होते. मॅडम रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की झालेल्या नुकसानीचा अहवाल मीच लिहायचा, आणि सादरीकरणात तो मीच वाचायचा. या विषयात पास करणं आता कठीण आहे, हेही सांगितलं, पण अगदी हळू आवाजात.

मी अहवाल लिहिला. स्वतःविषयी असं परक्यासारखं लिहायचं म्हणजे शिक्षाच. 'मध्यमवयीन स्त्रीने, हेतू चांगला असताना, आम्ल पदार्थ व मीठ वापरून' वगैरे. शेठाणीने तो वाचून विचारलं, काकू, यातली स्त्री तुम्हीच ना? दृष्टीने 'हेतू चांगला, पण कुणाच्या दृष्टीने?' असं विचारलं. रात्री बोचकं कसं बांधायचं याचा विचार करत पडले होते. थोरल्या भाऊजींचा चेहरा दिसत होता. ते काही बोलले नसते हो, नुसती रिक्षा पाठवली असती.

सादरीकरणाच्या दिवशी तिन्ही डिपार्टमेंटचे एकेक शिक्षक आणि मालक, सगळे लिफ्टपाशी जमले. मालक म्हणजे इमारत बांधणाऱ्याचे नातू, टापटिपीचे, हिशेबी. मी अहवाल वाचायला तोंड उघडलं, पण मालक आधीच आत शिरले होते. डाव्या पत्र्यासमोर ते थबकलेच. हे पितळ आहे? आमच्या लिफ्टमध्ये पितळ आहे? त्यांनी त्यात भांग नीट केला, मागे सरून पुन्हा पाहिलं, आणि लिफ्ट काढायची नाही असं तिथेच जाहीर केलं. शेठाणीने टाळ्या वाजवल्या. जपूनबाईंनी डोळे मिटले, कारण मालकांचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं. पुढे ते म्हणाले, आता तो दुसराही असाच करून टाकू, उद्याच माणूस लावतो.

म्हणजे माझ्या एका चुकीने लिफ्ट वाचली होती आणि तीच चूक आता तिचा उरलेला अर्धा भाग खाणार होती. मॅडम त्यांना पितळेवरच्या त्या काळ्या थराचं महत्त्व सांगायला लागल्या. मालक मान हलवत होते आणि घड्याळाकडे बघत होते. मी अहवाल बाजूला ठेवला आणि त्यांना विचारलं, घासायला माणूस कायमचा ठेवणार आहात का? ते म्हणाले, एकदाच तर घासायचंय. मी म्हटलं, साहेब, एकदा घासलेलं पितळ ही दर आठवड्याची जबाबदारी असते. हा पत्रा मी घासला आणि आताच बघा, कडेला तांबूस झालाय. आम्ही दोघी जावा तीस वर्षं घासतोय, अजून संपलेलं नाही. तो उजवा पत्रा मात्र इतकी वर्षं तुमच्याकडे काहीही न मागता उभा आहे. मालकांनी दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं, मनात काहीतरी गुणाकार केला, आणि उजव्याला कुणीही हात लावायचा नाही असं तेच मॅडमना बजावून सांगायला लागले. मग मी त्यांना तो खांद्यांचा पट्टा दाखवला. त्यावर मात्र त्यांनी हळूच स्वतःचा खांदा तिथे लावून बघितला. (जपूनबाईंच्या ओठांवर 'जपून' आलेलं मी पाहिलं. त्यांनी ते गिळलं.)

गुण असे पडले. बिझनेसच्या सरांनी भरभरून दिले, गिऱ्हाइकाला माल पटला म्हणून. ग्लोबल स्टडीजच्या मॅडमनी मधले दिले आणि समासात एक प्रश्नचिन्ह काढलं. जपूनबाईंनी नापास केलं, जे योग्यच होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही केलं असतं. पण तिन्हींची सरासरी धरतात, आणि सरासरीत मी पास आहे. थोरल्या भाऊजींना सरासरीचं सांगू नका, नुसतं पास सांगा. निकालानंतर मॅडमनी मला बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी धातूंचा विषय माझ्याचकडे घ्या, तुमचा हात माझ्या नजरेसमोर असलेला बरा. मला याहून मोठी शाबासकी आजवर कुणी दिलेली नाही.

एकूण बरं चाललंय. चिंता नसावी. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य, आणि गुडघ्याला तेल.

तुमची,
धाकटी

ता. क. शेठाणीला नोकरी लागली, ती या महिन्यात खोली सोडते आहे. तिची खाट खिडकीजवळची आहे, उजेड छान येतो, आणि टेबल आता मोकळं होईल. वॉर्डनबाई म्हणतात खाटेवर विद्यार्थिनीच हवी. प्रवेशाला वयाची अट नाही, मी दोनदा विचारून घेतलंय.

ता. क. दुसरा. तुम्ही हसाल म्हणून आधीच सांगते. माझ्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी कणिक मळता मळता मला प्रश्न कोण विचारत होतं? आणि मी अडले की पुस्तकात न बघता उत्तर कोण सांगत होतं? वरचं सगळं पत्र मी तुमची करमणूक व्हावी म्हणून लिहिलेलं नाही. इतकं बिघडवून ठेवलं तरी इथे माणूस पास होतं, एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. दोघा भावांना खायला कोण घालणार असं म्हणाल. आमच्या ह्यांना कुकर लावता येतो. लग्नानंतर मी पहिल्यांदा तापाने पडले तेव्हा मी स्वतः पाहिलंय. त्यानंतर ते जमत नसल्याचं सोंग त्यांनी आजवर उत्तम निभावलं आहे.

ता. क. शेवटचा. घरात विचारू नका. आधी अर्ज पाठवा आणि मग सांगा, तेही सगळे जेवत असताना, म्हणजे तोंडं भरलेली असतील. मी आधी विचारलं होतं. तेव्हा आमचा चिरंजीव शाळेत होता. हो म्हणेपर्यंत त्याचं लग्न झालं.