तळमजल्यावरचं मयत

॥ श्री ॥
लाइप्झिग, १९ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप कमळाआत्यास,
विनिताचा कृ. शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तुझा लेक भूपेश फोन स्पीकरवर टाकतो आणि माझं रडगाणं उल्हासनगरच्या अख्ख्या कॅम्प चारला ऐकू जातं. म्हणून हे फक्त तुझ्यासाठी.

जर्मनीत येऊन एक उन्हाळा संपला. घर छान आहे, धर्मेशचं कंपनीत बरं चाललंय. पण आत्या, इथली माणसं जिन्यात गोड हसतात आणि आपापलं दार लावून घेतात. परवा समोरच्या बाईंकडे सहज गेले, तर काय झालं म्हणून त्या घाबरल्या. काही झालं नाही, नुसती बसायला आलेय, हे जर्मनमध्ये सांगता येईना, मग मीठ मागितलं. त्यांनी अख्खा पुडा दिला आणि परत करू नका म्हणाल्या. मिठागरवाल्यांच्या पोरीने मीठ मागितलं, हे आपल्यात कुणाला सांगू नकोस.

धर्मेशला मी सांगून टाकलंय. शिमग्यापर्यंत एक तरी माणूस आपण होऊन माझ्याकडे चहाला आलं नाही, तर मी बदलापूरला आईकडे परत येणार. तीन वर्षांचं काम त्याने एकट्याने पुरं करावं. तो हसला, पण मी खरंच बोलतेय. आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझी माया आहेच, ती एवढ्या लांबवर पोचत राहू दे.
तुझी,
विनिता


॥ श्री ॥
उल्हासनगर, कॅम्प ४, ८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. विनितास,
कमळाआत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. भूपेशने काय लिहिलंय विचारलं, त्याला सांगितलं की तिकडे थंडी आहे.

लहानपणी चार घरी जेवून मग आमच्या ताटावर बसणारी तू, आणि तुला आता माणसं मिळेनात. अगं, मी लग्न होऊन गावातून इथे आले तेव्हा मलाही हा परदेशच होता. आजूबाजूला सगळी सिंधी घरं. पहिल्यांदा शेजारच्या ईश्वरीबाईंकडे गेले तर त्यांनी पाण्याबरोबर पापड पुढे केला. मला वाटलं, आज यांच्या घरी काही शिजलेलं दिसत नाही. संध्याकाळी भात-कालवण घेऊन त्यांच्या दारात उभी. पाहुण्याला पापड देणं ही त्यांची रीतच आहे, हे कळल्यावर तुझे आतोबा आठवडाभर हसत होते. पण ईश्वरीबाई असेपर्यंत माझ्याकडचं कालवण हक्काने मागून नेत.

तेव्हा चहाच्या बोलावण्याची वाट बघत बसू नकोस. हळदीला बोलावल्याशिवाय जाता येत नाही, मयताला येतं. कुणाच्या घरी दुःख झालं की डबा घेऊन जायचं, जवळ बसायचं आणि गप्प राहायचं. तुला भाषा येत नाही, म्हणजे तेही सोपं. कुणी मरावं असं मी म्हणत नाही, पण माणसं तिकडेही मरत असतीलच.

जावईबापूंना आशीर्वाद. हट्ट कमी कर, लोभ तेवढा वाढव.
तुझी,
आत्या


॥ श्री ॥
लाइप्झिग, १७ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप कमळाआत्यास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि तोंडावर आपटले.

रविवारी संध्याकाळी कचरा टाकायला खाली गेले, तर तळमजल्यावरच्या हेल्गाबाईंचं दार उघडं. म्हातारी एकटीच राहते. एकेक माणूस आत चाललेला, बायका-पुरुष सगळे काळ्या कपड्यांत, चेहरे गंभीर, दाराशी मेणबत्त्या. मयताला इथे काळं घालतात, एवढं मला ठाऊक होतं. धावत वर आले, पिठलं-भात केला, डोक्यावर ओढणी घेतली आणि डबा घेऊन खाली गेले. चपला दारात काढल्या. म्हातारी खुर्चीत बसली होती. तिच्या पायाशी जमिनीवर बसून मी तिचा हात धरला.

मग एका बाईने हात वर केला आणि सगळी मंडळी गायला लागली. मला वाटलं, आपल्याकडे रडतात, इथे गात असतील. त्या गाण्याने तू आठवलीस, आई आठवली आणि मला रडू आवरेना. माझं पाहून म्हातारीच्याही डोळ्यांना धार लागली, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

एवढ्यात मला शोधत धर्मेश आला. दारावरचा कागद त्याने वाचला होता. ती म्हातारीची गाण्याची मंडळी, ही नाताळच्या कार्यक्रमाची रंगीत तालीम आणि काळे कपडे हा त्यांचा गणवेश. कुणीही मेलेलं नव्हतं. तो सगळ्यांची माफी मागत असताना मी भिंतीकडे बघत होते. म्हातारीने डब्यात काय आहे विचारलं. तुझ्या जावयाला खोटं बोलता येत नाही, त्याने मयताचं जेवण म्हणून सांगून टाकलं.

कुणी हसलं नाही. म्हातारी त्याच्याशी हळू आवाजात काही बोलली, ते त्याने मला सांगितलं. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी हिवाळ्यातच गेला. तेव्हा कार्डं आली, फुलं आली, पण कुणी असं जवळ येऊन बसलं नाही. मग तिने उठून बशा आणल्या. सगळ्यांनी थोडं थोडं पिठलं खाल्लं आणि तिखटाने नाकं पुसली.

आज सकाळी ती आपण होऊन वर आली. चहा घेतला, पुन्हा मागून घेतला. त्यांच्या मंडळींत गायला ये म्हणाली. माझा सूर कसा आहे ते तिला कळेलच. आत्या, शिमग्याला मी येत नाही.

अशीच वेडीवाकडी अक्कल शिकवत राहा, एवढंच मागणं.
तुझी,
विनिता


॥ श्री ॥
उल्हासनगर, कॅम्प ४, ६ जानेवारी २०२५

चि. सौ. विनितास,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की मला काय झालं म्हणून भूपेश धावत आला. धडधाकट माणसांना मयताचं जेवण घालणारी आपल्या कुळात तूच पहिली. काळं घालून गायला उभी राहशील तेव्हा फोटो पाठव. हेल्गाबाईंना माझा नमस्कार सांग आणि पुढच्या वेळी मिरची बेताने घाल.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. शिमग्याला परत येणार असं तुझ्या पत्रात वाचलं, त्याच आठवड्यात मी आतली खोली रिकामी केली, गादी पिंजून घेतली, नवी खोळ शिवून घातली. आईशी तुझं दोन दिवस पटणार आणि मग तू माझ्याकडेच येणार, हे मला माहीत. तुला तिकडे राहण्याची युक्ती लिहीत होते आणि इकडे तुझी वाट बघत होते. भूपेशला सांगितलं होतं, पाहुणे यायचेत.

काल त्याने विचारलं, पाहुणे कधी येणार. म्हटलं, नाही येत, त्यांना तिकडे माणसं मिळाली. बरं झालं, म्हणाला. मीही बरं झालं म्हटलं, आणि आत जाऊन त्या गादीवर जरा वेळ बसले.

तिकडे सगळ्यांना धरून राहा, इथला लोभ कुठे जात नाही.
तुझी,
आत्या