दारातली बोगनवेल

३ फेब्रुवारी
भाड्याचा पलंग आज परत गेला. दोन माणसं आली, उचलून घेऊन गेली. खोली केवढी मोठी दिसते!

पलंग होता तिथे खुर्ची टाकून बसलो. इथून सरळ दार दिसतं, पायरीवरचं ऊन दिसतं. ती वर्षभर पडल्या पडल्या हेच बघत होती. "अहो, दारात काहीतरी रंगीत ठेवा की. चपला बघून बघून कंटाळले मी." मी म्हणायचो — बरी हो, दोघं जाऊन आणू.

५ फेब्रुवारी
मुलीचा फोन. "बाबा, निवडुंग घ्या. विसरलात तरी जगेल."
पण त्याला रंग कुठे? दारात दिवसभर ऊन, नाजूक काही टिकणार नाही. आणि लवकर वाढणारं हवं. वाट बघण्याची हौस फिटली आता.

६ फेब्रुवारी
रोपवाटिकेत गेलो. गुलाबाला कीड लागते म्हणे. शेवंती उन्हात सुकेल. माळी म्हणाला, "काका, भर उन्हाला बोगनवेल! हिला मारायचं म्हटलं तरी मरत नाही."

लगेच घेतली. घरी आल्यावर लक्षात आलं, रंग विचारलाच नाही. तिने पहिलं तेच विचारलं असतं.

७ फेब्रुवारी
कुंडी पायरीवर ठेवली. पाणी घातलं.

२३ मार्च
खिडकीला टेकली! पण पानंच पानं. शेजारच्या वहिनी जाता जाता म्हणाल्या, "भाऊजी, ही बोगनवेल आहे की पालक?"

खुर्चीवरून आता चपला दिसत नाहीत. एवढं तरी झालं.

२ एप्रिल
माळ्याला फोटो दाखवला. "रोज पाणी घालता? मग लाडावणारच! पाणी तोडा. पानं माना टाकतील, घाबरू नका. तहानल्याशिवाय ही फुलत नाही."

बरं म्हणालो.

६ एप्रिल
चार दिवस पाणी नाही. पानं लोंबायला लागली. वहिनी खूश — "आता बघा, आठवड्यात रंग दिसतो की नाही!"
दुपारी दार लावून घेतलं.

७ एप्रिल
हे लिहायचं नव्हतं.

शेवटचे दोन दिवस तिला तोंडाने पाणी बंद होतं. गिळता येत नव्हतं. ठसका लागून फुप्फुसात जाईल, डॉक्टर म्हणाले. ओल्या कापसाने ओठ तेवढे पुसायचे. ती तो कापूसच चोखायची. "अहो, एक घोट." मी म्हणायचो — उद्या.

डॉक्टरांचं बरोबरच होतं.

८ एप्रिल
शेंड्यांशी कळ्यांसारखं बारीक काहीतरी धरलंय. माळी म्हणाला होता, तेव्हाच खरी कळ काढायची. नाही काढली. सकाळीच पाणी घातलं, कुंडीच्या तळातून वाहेपर्यंत. रंग नाही कळला तरी चालेल.

मग पायरी पुसून घेतली.