लांब ओळ ऐकते, आखूड ओळ बोलते

मास्तर, मी कोण ते आठवतंय का, की तेही चष्म्याबरोबर माझ्या खिडकीत ठेवून गेलात? पंचवटीतली तुमची घरमालकीण मी, जिने पुढची खोली तुम्हाला कॉम्प्युटरच्या क्लासला दिली होती. त्या यंत्राचे हुकूम तुम्हाला तोंडपाठ, पण छत्री माझ्या दाराशी, डबा माझ्या ओट्यावर, आणि एकदा तर एका पायात तुमची चप्पल, दुसऱ्यात आमच्या मुलाची घालून घरी गेलात. शेवटी वर गेलात तेही चष्म्याशिवाय. तिथं तुम्हाला काय दिसत असेल देव जाणे. हे मी सांगतेय आणि नात लिहून घेतेय. मी अक्षर शिकले नाही हे तेवढं तुमच्या लक्षात असेल. पोरगी मधेच माझं 'लय' खोडून 'खूप' करते. मी तिच्याकडून वाचून घेते आणि परत 'लय' करायला लावते.

मुलगा मस्कतला होता तेव्हाची गोष्ट. पत्रं शेजारणीकडून लिहून घ्यायची. मी सांगायची, तुझ्या आठवणीनं घास उतरत नाही. ती लिहायची, इकडील सर्व क्षेम आहे. एक दिवस तुम्ही ते ऐकलंत आणि म्हणालात, "आजी, लिहिता कशाला? बोला." कोपऱ्यात लोकांनी टाकलेले भाग जोडून तुम्ही केलेलं एक यंत्र होतं. चित्रं नाहीत, काही नाही, काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. मी विचारलं, हे असलं फुकटातलं टिकेल का? तुम्ही म्हणालात, "यातले प्रोग्रॅम वगैरे सगळं सगळ्यांचं आहे, आजी. गावच्या विहिरीसारखं. कुणाच्या दारात किल्ली मागायला जायला नको." मी म्हटलं, "गावच्या विहिरीवर कोण कुणाला पाणी भरू देतं ते मला विचारा, मास्तर." तुम्ही चष्मा काढून पुसलात. मग हळू म्हणालात, "ही तशी विहीर नाही."

मग तुम्ही माझ्यासाठी दोन ओळी लिहिल्यात. लिहिल्यात त्या एकदाच. पुढे मी फक्त वर तोंड केलेल्या बाणाचं बटण दाबायचं, की मागची लिहिलेली ओळ यंत्र पुन्हा पुढे आणून ठेवतं. एकदा दाबलं तर एक ओळ, आणखी दाबलं तर तिच्या आधीची. वाचायची गरजच नाही. लांब ओळ दिसली की ती माझं ऐकते, आखूड दिसली की शेवटचं ऐकलेलं बोलून दाखवते. भरलेलं बोलणं मस्कतला पाठवायचं काम क्लासातल्या पोरांचं. बटणं लक्षात राहीनात, तेव्हा खंडेनवमीला मी पाटा-वरवंट्याबरोबर तुमच्या यंत्राचीही पूजा केली. बाणाला कुंकू, हुकूम सोडायच्या मोठ्या बटणाला हळद, आणि ऐकणं थांबवायला जी दोन बटणं एकदम दाबायची त्यांना बुक्का. तुम्ही डोक्याला हात लावलात. "कीबोर्डचं देवघर केलंत." पण पुसलं नाहीत.

त्या उन्हाळ्यात मी नागलीचे, तुमच्या भाषेत नाचणीचे, पापड करत होते. तुम्ही यंत्र नीट ऐकतंय का बघायला आलात, लांब ओळ सुरू केलीत आणि थांबवायला विसरलात. मी भाजलेला पापड हातात दिला. खाल्लात, आणखी मागितलात, माझ्या चहात साखर जास्त म्हणून बोललात, आणि गेलात. यंत्र आपलं ऐकतच बसलं होतं. संध्याकाळी झाडताना मला दिसलं, तेव्हा मी बुक्क्याची बटणं दाबली. त्यानंतर तुम्ही आलाच नाहीत. ताप आला म्हणाले, मग दवाखान्यात नेलं म्हणाले, मग कुणी काही म्हणेना.

तेराव्यानंतर मी मुलाला निरोप द्यायला यंत्रापुढे बसले. हात जड झाला होता, बाण एकदा जास्त दाबला गेला, आणि आखूड ओळ बोलायला लागली. तुम्हीच बोललात. "आजी, आणखी एक द्या." मी पापडाच्या डब्याकडे हात नेला.

मला कॅसेट ठाऊक, मास्तर. आमच्या ह्यांच्या भजनाच्या कॅसेटवर पोरांनी सिनेमाची गाणी भरली, भजन कायमचं गेलं. म्हटलं, एक दाब चुकला, लांब ओळ आली आणि माझ्या हातून हुकूम सुटला, तर तुमच्यावर माझंच रडगाणं भरलं जायचं. मी यंत्र बंद केलं, वर जुनं लुगडं घातलं आणि परत हात लावला नाही. मुलगा परत आला, म्हणाला, "आई, भंगारवाल्याला दे." मी म्हटलं, "आधी मला दे त्याला." वर्षं गेली.

यंदा नातीनं लुगडं काढलं. यंत्र कुरकुरलं, पण उठलं. तिनं कुणाकडे काही मागितलं नाही, काही विकत आणलं नाही. बाण दाबला आणि लांब ओळ आली तशी मी ओरडले, "हात नको लावू, मास्तर पुसतील." तिनं ती ओळ वाचली. दोनदा वाचली. म्हणाली, "आजी, यात दर वेळी तारीख आणि वेळ घालून नवं नाव द्यायला सांगितलंय. तू कितीही वेळा दाबलं असतंस तरी काही पुसलं नसतं. म्हणून तर एवढी लांब आहे ही."

मी खाली बसले. चष्मा विसरणारा माणूस, आणि अडाणी म्हातारीचा हात चुकेल हे तेवढं विसरला नाही. मला सांगायला मात्र विसरला.

तुमच्या आईला ऐकवलं. त्या इथंच सिडकोत असतात, आता लय हिंडत नाहीत. नातीनं आवाजाची नक्कल काढून नेली. तिथल्या यंत्रावरही तो मुकाट्यानं उघडला. तुम्ही पापड खाताय ते कुर्रमकुर्रम ऐकून त्या म्हणाल्या, "तोंड मिटून खा म्हणून किती सांगायचं याला." मग पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, परत लाव.

नात विचारतेय, पत्ता काय घालू. काही घालू नको, घडी करून त्यांच्या चष्म्याच्या घरात ठेव. आणि एवढं शेवटचं लिही. त्या आवाजात जाता जाता तुम्ही म्हणता, "आजी, येतो." मी तेव्हा पापड उलटत होते, काहीच बोलले नव्हते. आता मी रोज तिन्हीसांजेला आखूड ओळ लावते आणि तिथं आले की म्हणते, "या." घरातल्यांना वाटतं, म्हातारी देवाचं काही पुटपुटतेय.

बास, कागद मीट. आणि ऐक, उद्या सिडकोला डबा पाठव. पापड नको, त्या माउलीला आता दात नाहीत. पापडासाठी शिजवतो ती नागलीची उकड दे, गरम असतानाच, वर कच्चं तेल सोडून.